शिंपल्यातला विंचू

मैत्रिणींनो, वाचायला बसण्याआधी एक काम करा. बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये जरा डोकावून या. लग्नातली अत्तरदाणी, मुलांना शाळेत मिळालेली ढाल, बालाजीची मूर्ती आणि त्यांच्या शेजारी कुठल्याशा सहलीहून आणलेले शंख-शिंपले. आहेत ना? आमच्याकडेही आहेत.

आम्ही जालन्याचे. समुद्र आमच्यापासून चारशे किलोमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येतं याच्याकडे कान लावून बसणारी आम्ही माणसं! पण समुद्राची एकही वस्तू नाही असं घर आमच्या गल्लीत शोधून सापडायचं नाही. देवघरात शंख असतो, जुन्या पेटीत सारीपाटाच्या कवड्या असतात, आणि तुळजापूरच्या भवानीच्या आराधिणी दारात आल्या की त्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. शंख काय, शिंपला काय, आपल्या मनात ती एक शुभ, निरुपद्रवी वस्तू. तिच्यातून कुणाला काही अपाय होईल, असं माझ्या तरी स्वप्नात आलं नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणला गेलो. आम्ही दोघं, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांचा आठ वर्षांचा ओंकार. मुलाने समुद्र पहिल्यांदाच पाहिला. ओहोटीची वेळ होती. खडक उघडे पडले होते आणि मधल्या डबक्यांतून खेकडे, बारके मासे, रंगीत शिंपले. पोरगं नुसतं हरखून गेलं. एका डबक्यातून त्याने सुरेख शिंपला उचलला. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला निमुळता, भेळेच्या कागदी पुडीसारखा. वर तपकिरी ठिपक्यांची नक्षी, जशी कुणी बारीक ब्रशने काढावी. मी म्हटलं, "अरे वा! शोकेसमध्ये ठेवू."

तेवढ्यात मागून टोपली घेऊन चाललेल्या एक मावशी ओरडल्या, "हात लावू नको रे झिला, आत जीव आसा!"

ओंकारने दचकून तो पाण्यात टाकला. मावशी आपल्या वाटेने गेल्या. मला वाटलं, जीव मारू नये म्हणून सांगत असतील. आपल्याकडे नाही का, मुंगीला पाय देऊ नको म्हणत, तसंच.

आम्ही परत जालन्याला आलो. दोन दिवसांनी जाऊबाईंनी धुवायचे कपडे काढले तर खोलीभर घाण वास. शोधता शोधता ओंकारच्या अर्ध्या चड्डीच्या खिशात हात घातला आणि निघाला तसाच एक शिंपला! मावशींनी एक टाकायला लावला, तेव्हा दुसरा आधीच खिशात गेला होता. आतला जीव प्रवासात मरून कुजला होता. जाऊबाईंना त्या वासानेच मळमळलं. मी तो शिंपला कागदात गुंडाळला आणि ओळखीच्या एका प्राध्यापिका बाईंकडे घेऊन गेले. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात.

बाईंनी तो पाहिला आणि मला पहिला प्रश्न विचारला, "हा जिवंत असताना मुलाच्या खिशात किती वेळ होता?"

मी म्हटलं, "संध्याकाळभर तरी असेल."

त्या म्हणाल्या, "नशीब म्हणा."

गोगलगाय नि पोटात पाय

मी ज्याला शिंपला म्हणत होते, ते होतं एका समुद्री गोगलगायीचं कवच. शंकूच्या आकाराचं म्हणून तिला शंकू-गोगलगाय म्हणतात. जगभरात तिच्या सातशेहून अधिक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक उष्ण समुद्रांत. आपल्या कोकण किनाऱ्यावर आहेत, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आहेत, लक्षद्वीप आणि अंदमानच्या प्रवाळांत तर पुष्कळच.

आपल्या बागेतली गोगलगाय पानं कुरतडते. ही मात्र पक्की मांसाहारी. काही जाती समुद्रातले किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी खातात, आणि काही चक्क मासे पकडतात. आता तुम्ही म्हणाल, हिचा वेग तो केवढा, आणि मासा तर डोळ्याची पापणी लवते न लवते तोच पसार होतो. मग ही त्याला पकडते कशी?

पकडत नाहीच. ती त्याला इंजेक्शन देते.

तिच्या तोंडाशी लांब होणारी सोंड असते. गोगलगायींना खरवडून खाण्यासाठी बारीक दात असतात. हिच्या बाबतीत त्याच दाताची पोकळ, टोकदार सुई झाली आहे, आणि टोकाला मासे मारायच्या भाल्यासारखा आकडा. पोटात एक लांबलचक नळी असते, तिच्यात विष तयार होतं. मासा जवळ आला की सोंड हळूच पुढे येते, सुई खुपसली जाते, विष आत जातं आणि एक-दोन सेकंदांत मासा लाकडासारखा ताठ होतो. सुई एकदाच वापरायची. पुढच्या वेळेला दुसरी, आणि अशा सुयांचा साठा आत तयारच असतो. डॉक्टरांनी डिस्पोजेबल सुई वापरायला सुरुवात केली त्याच्या लाखो वर्षं आधीपासून या बाई ती वापरत आहेत!

"पण मग रुंद बाजूने धरलं तर?" मी बाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. सोंड लवचिक असते, वळून कवचाच्या कुठल्याही भागापर्यंत पोचू शकते. म्हणून जिवंत शंकू-गोगलगाय धरायची सुरक्षित बाजू अशी नाहीच. आणि कापडाच्या खिशातून सुई आरपार जाऊ शकते. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर जो काटा आला, तो सांगून कळणार नाही.

ओंकारच्या खिशातली जात बाईंच्या मते किडे खाणाऱ्यांपैकी असावी. तिचा डंख माणसाला सहसा गांधीलमाशीसारखा, दुखून सुजून थांबणारा. पण मासे खाणाऱ्या जातींचं तसं नाही. त्यांचं विष पाठीचा कणा असणाऱ्या जिवांसाठीच घडलेलं, आणि आपणही त्यातलेच. सर्वांत घातक म्हणजे कवचावर नकाशासारखी नक्षी असलेली 'कोनस जिओग्राफस'. माणसं दगावल्याच्या जगभरात मिळून तीसेक नोंदी आहेत, त्यातल्या बहुतेक हिच्याच नावावर. संख्या मोठी नाही, हे खरं. पण उचलणारी व्यक्ती आठ वर्षांची असेल तर संख्या कोण मोजत बसतं?

बांदा बेटावरची ती बाई

या विषाची जुन्यातली जुनी हकीकत एका बाईचीच आहे. इंडोनेशियातल्या आंबोन बेटावर सतराव्या शतकात रुम्फियस नावाचे निसर्गअभ्यासक राहत होते. डच कंपनीचे नोकर. 1670 मध्ये त्यांची दृष्टी गेली, 1674 च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी गेली, तरी त्यांनी शंख-शिंपल्यांवरचा आपला ग्रंथ सोडला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1705 साली छापला गेला. त्यात त्यांनी बांदा बेटावरच्या एका गुलाम स्त्रीची गोष्ट नोंदवली आहे. मासेमारीचं जाळं ओढताना तिच्या हातात अशी एक गोगलगाय आली. तिने ती हातात धरून ठेवली. हाताला बारीक खाज सुटली, ती खाज दंडाकडे सरकली, मग अंगभर पसरली, आणि ती बाई मेली.

तिचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. का धरून ठेवली असेल तिने? मला वाटतं, सुंदर दिसली म्हणून. तुम्ही-मीही तेच केलं असतं. 1650 मध्ये रेम्ब्रांटसारख्या थोर चित्रकारालाही शंकू-गोगलगायीच्या कवचाची भुरळ पडली होती. त्याने त्याचं चित्र कोरलं, ते आजही नावाजलं जातं. सुंदर वस्तू हातात घ्यावीशी वाटणं हा काही गुन्हा नाही. न विचारता घेणं मात्र महागात पडू शकतं.

खाज सुटली, दुखलं नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. घातक जातीच्या डंखात कधी कधी वेदना जवळजवळ होतच नाहीत. आधी ओठ आणि जीभ बधिर होतात, एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होतात, हातापायांतलं बळ जातं आणि शेवटी श्वास अडतो.

भोकरदनची आठवण

हे सगळं ऐकून घरी आले आणि आईला फोन केला. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं. आई सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे शिंपल्यातला विंचूच की गं!"

विंचू म्हटलं की आमच्या बाजूच्या बायकांना जास्त काही सांगावं लागत नाही. सरपण काढताना, गोवऱ्या रचताना, पहाटे अंधारात चप्पल घालताना, विंचू कुठे नसतो? आईच्या लहानपणी शेजारच्या घरातली एक मुलगी रात्री लाल विंचू चावून गेली. मंत्र घातला, पाला चोळला. पोरगी घामाने निथळत होती, उलट्या करत होती, आणि हातपाय गार पडले होते. पहाटेपर्यंत संपली. आई ते सांगताना अजूनही मध्येच थांबते.

त्याच भोकरदन तालुक्यातल्या देहेड गावात एक मुलगा वाढत होता, हिंमतराव बावस्कर. गरिबीतून शिकून डॉक्टर झाले आणि सरकारी नोकरीत गेले ते थेट कोकणात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात. तिथेही लाल विंचू, तिथेही मरणारी मुलं. त्यांनी रोग्यांच्या उशाशी रात्री जागून काढल्या आणि शोधून काढलं की हे विष हृदयावर घाला घालतं आणि फुप्फुसांत पाणी होतं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची गोळी त्यांनी या कामी वापरली. 1986 मध्ये ते 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रिकेत छापून आलं. शेकडा तीस-चाळीस रोगी जिथे दगावत, तिथे वेळेवर औषध मिळाल्यास ते प्रमाण अगदी नगण्य झालं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचीही साथ होती. 2022 मध्ये डॉक्टरांना पद्मश्री मिळाली. समुद्र नसलेल्या जालन्याचा मुलगा समुद्राकाठच्या जिल्ह्यात जाऊन विषाचं कोडं सोडवतो, याचा मला भारी अभिमान वाटतो.

पण विंचवाची गोष्ट मी इथे का काढली? कारण विंचू आणि शंकू-गोगलगाय यांच्या विषाची रीत एकाच जातीची आहे. आपल्या नसांना बारीक बारीक दारं असतात असं समजा. ती उघडली-मिटली की निरोप पुढे जातो: हात हलव, श्वास घे, दुखतंय. लाल विंचवाचं विष यातली काही दारं सताड उघडी ठेवतं. शंकू-गोगलगाय त्याहून चतुर. तिच्याकडे किल्ल्यांचा जुडगाच असतो. तिच्या विषात शंभराहून अधिक वेगवेगळे घटक असतात. एखादा हे दार उघडं ठेवतो, दुसरा ते दार कुलूपबंद करतो.

विषाचं औषध

आणि इथेच गोष्ट पालटते. कुलूप लावणारी किल्ली हाती आली, तर हवं तेच दार नाही का बंद करता येणार?

बाल्डोमेरो ऑलिवेरा नावाचे शास्त्रज्ञ मूळचे फिलिपाइन्सचे. अमेरिकेत शिकून मनिलाला परतले तर प्रयोगशाळेत धड उपकरणं नव्हती. तेव्हा आपल्याच किनाऱ्यावर मुबलक मिळणारी, लहानपणापासून ओळखीची वस्तू त्यांनी अभ्यासाला घेतली: शंकू-गोगलगाय. घरात जे आहे त्यात स्वयंपाक करावा, तशी गृहिणीची रीत! पुढे ते अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात गेले. तिथे मायकेल मॅकिंटॉश नावाचा, नुकताच शाळा संपवून आलेला पोरगा त्यांच्या हाताखाली काम करू लागला. 'कोनस मेगस' या मासे खाणाऱ्या जातीच्या विषातून त्याने एक घटक वेगळा काढला. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणारं दार तो घटक बंद करतो, असं पुढे दिसून आलं.

तोच घटक प्रयोगशाळेत जसाच्या तसा बनवून त्याचं औषध तयार झालं, झिकोनोटाइड. डिसेंबर 2004 मध्ये अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने त्याला परवानगी दिली. कर्करोगासारख्या आजारात ज्यांना मॉर्फिननेही आराम पडत नाही, अशांसाठी ते आहे. मॉर्फिनसारखी त्याची सवय लागत नाही. मात्र ही काही डोकेदुखीची गोळी नव्हे. कण्यात मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात पंपाने थेंब थेंब द्यावं लागतं, आणि चक्कर, गोंधळल्यासारखं होणं असे त्रासही होतात. तरीही ज्याच्या घरात असह्य दुखण्याने तळमळणारं माणूस आहे, त्याला विचारा, एका रात्रीच्या शांत झोपेची किंमत काय!

नकाशाच्या नक्षीवाल्या जिओग्राफसची तर आणखी तऱ्हा. ती पाण्यात चक्क इन्सुलिन सोडते, असं 2015 मध्ये उजेडात आलं. आपल्याकडे मधुमेहाची माणसं घेतात तेच इन्सुलिन, पण माशाच्या जातीचं आणि झटकन काम करणारं. माशांची साखर उतरते, त्यांना ग्लानी येते, आणि ही बाई तोंडाचं जाळं पसरून त्यांना गट्ट करते. त्यावरून माणसांसाठी लवकर काम करणारं इन्सुलिन बनवता येईल का, याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी हाती घेतला. आपल्या देशातही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले पी. बलराम आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले के. एस. कृष्णन यांनी आपल्या किनाऱ्यावरच्या शंकू-गोगलगायींची विषं तपासली आहेत.

म्हणजे बघा, जी वस्तू आपण रुपया-दोन रुपयांच्या मोहाने खिशात घालतो, ती एक चालतं-बोलतं औषधालय आहे. 'कोनस मिल्नेएडवर्डसी' नावाच्या उंच, देखण्या जातीला तर शौकीन लोक 'भारताचं वैभव' म्हणतात. 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंगतीला, तिला बसवलं गेलं. मालवणच्या समुद्राचा काही भागही 1987 पासून अभयारण्य आहे. मावशींनी ओंकारला हटकलं ते भूतदयेने, की अनुभवाने, मला ठाऊक नाही. पण दोन्ही कारणांनी त्या बरोबरच होत्या.

समुद्रावर जाताना हे लक्षात ठेवा

• पाण्यातून किंवा खडकाच्या डबक्यातून शंख-शिंपला उचलू नका, मुलांना उचलू देऊ नका. शंकूच्या आकाराचा असेल तर मुळीच नाही. तो रिकामा आहे की भरलेला, हे वरून कळत नाही. गोगलगाय आत अंग चोरून बसते.

• उचललेली वस्तू खिशात, पदरात, ब्लाउजमध्ये ठेवू नका. परतताना मुलांचे खिसे एकदा उलटे करून बघा.

• खडकांवर अनवाणी फिरू नका. वाळूत हाताने खणू नका.

• डंख झालाच तर माणसाला हलू देऊ नका, चालवू नका. हातापायाला डंख असेल तर मुरगळल्यावर बांधतो तितपत घट्ट रुंद पट्टी बोटांपासून वरपर्यंत गुंडाळा आणि अवयव स्थिर ठेवा. दोरीने आवळू नका, चिरा पाडू नका, चोखू नका. ताबडतोब इस्पितळ गाठा. या विषावर उतारा नाही, पण काही तासांनी त्याचा जोर ओसरतो. तोवर श्वास चालू ठेवता आला तर माणूस वाचतो. म्हणून वाटेत श्वास थांबला तर तोंडाने श्वास देणं सोडू नका.

• विंचू चावला तर मंत्र-पाल्यात वेळ घालवू नका. घाम, उलट्या, गार हातपाय दिसले की रात्र असो की पाऊस, दवाखान्याकडे निघा. मूल लहान असेल तर लक्षणांची वाटही पाहू नका.

• घरात आधीपासून असलेले रिकामे शंख-शिंपले रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने घासा, सावलीत वाळवा आणि खोबरेल तेलाचा बोटभर हात फिरवा. चकाकी येते. नवे विकत घेऊ नका. आपण घेतो म्हणूनच ती जिवंत काढली जातात.

ओंकारने आणलेलं ते कवच मी टाकलं नाही. स्वच्छ करून प्राध्यापिका बाईंच्या प्रयोगशाळेत दिलं. त्याआधी ओंकारला जवळ बसवून सगळी गोष्ट सांगितली, बांदा बेटावरच्या बाईची, डॉक्टर बावस्करांची आणि त्या विषाच्या औषधाची. पोरगं बराच वेळ गप्प होतं. मग म्हणालं, "काकू, ती चावली का नाही मला?"

मी म्हटलं, "देवाला ठाऊक."

"मी तिला मारलं ना पण."

यावर मला काही उत्तर सुचलं नाही. त्याच्या आईने त्याला जवळ ओढलं. पुढच्या सुट्टीत पुन्हा मालवणला जायचं ठरतंय. ओंकारची आधीच ताकीद आहे, खडकांवर जायचं, बसून बघायचं, आणि कुणी हात लावायचा नाही. अगदी काकूनेसुद्धा!